फाटकावर कुणाला काय विचारावं

आमच्या इमारतीच्या फाटकावर बोलतं यंत्र बसवायचं ठरलं तेव्हा माझा त्याला विरोध नव्हता आणि पाठिंबाही नव्हता. माझ्या वयाची माणसं अशा सभांना बसायला खुर्ची मिळते म्हणून जातात. पण यंत्रात आवाज कुणाचा भरायचा असा विषय निघाला, आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. तिथून माझं स्वास्थ्य गेलं ते गेलंच.

यंत्राची रीत साधी होती. बाहेरून आलेल्यानं फाटकावर घराचा आकडा दाबायचा. यंत्र त्याला एक प्रश्न विचारणार. तो प्रश्न आणि त्याचं उत्तर त्या घरातल्या भिंतीवरच्या डबीतून ऐकू येणार. ओळख पटली की घरातल्यानं डबीचं बटण दाबायचं, खाली फाटक उघडणार. डबीतून आपल्याला मात्र उलट बोलता येत नाही, नुसतं ऐकायचं. यंत्र आलं तेव्हा त्यात कुठल्याशा परक्या बाईचा आवाज होता. ती काय विचारते ते कुणाला कळेना, पण विचारायची पद्धत अशी, की जणू आपण तिच्या घरातले चमचे लांबवून पळालोय.

"आवाज बाईंचाच हवा," सेक्रेटरी म्हणाले. "बाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंय. प्रश्नही इंग्रजीतच ठेवू. फाटकावर दहा मुलखांची माणसं येतात, सगळ्यांना चालेल."

सेक्रेटरी म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ. इमारतीवर त्यांचा इतका जीव, की जिन्यात कुणी शिंकलं तरी दुसऱ्या दिवशी शिंकण्याबद्दल सूचना लागायची.

आता माणसाबद्दल विचारायचं तर इंग्रजीत शब्द कोणता वापरायचा, हे माझ्याइतकं कुणी घोटलं नसेल. माणूस असेल तर हू. वस्तू असेल तर व्हॉट. कुणाचं आहे विचारायचं तर हूज, आणि चारांतला एक निवडायचा तर व्हिच. मी फळ्यावर चित्रं टांगायची आणि पोरं एका सुरात ओरडायची. एकदा चित्रात कुत्रा निघाला. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, आमच्या घरचा असेल तर हू, आणि दुसऱ्यांचा असेल तर व्हॉट, हो ना?" मी तिला खाली बसवलं. पण पुढे उभ्या आयुष्यात तिच्याइतका हा धडा कळलेलं माणूस मला भेटलं नाही.

तर मी यंत्रासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "हू इज इट?"

वायरमन म्हणाला, "बाई, हजेरी नका घेऊ. जरा मायेनं विचारा."

"चोर आला तरी?"

"चोराला पण वाटलं पाहिजे, चांगल्या घरी आलो."

मी मायेनं विचारलं. फार माया झाली. मग मधलं काहीतरी काढलं, आणि यंत्र सुरू झालं.

आता आपल्या लोकांची एक खोड इथं सांगितली पाहिजे. दाराआडून "कोण?" म्हटलं की बाहेरचा म्हणतो, "मी." नाव नाही, गाव नाही, नुसतं मी. आणि नवल म्हणजे आतल्याला तेवढं पुरतं. इस्त्रीवाला मी, वकिलांचा अशील मी, माहेरहून आलेला भाऊ मी. जगातला एवढा मोठा शब्द आपण दाराबाहेर चपला काढल्यासारखा टाकून आत येतो. इंग्रजीत विचारलं म्हणून ही खोड थोडीच जाणार? यंत्र विचारायचं, "हू इज इट?" आणि खालून यायचं, "मी."

यंत्र लागलं त्याच दुपारची गोष्ट. आमची इमारत दुपारी अशी निपचित पडते, की गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. मी आमटीला फोडणी देत होते. डबी वाजली. खालून माझाच आवाज आला, "हू इज इट?" मग एक बारीक खाकरणं. आणि मग, "मी."

मी डाव्या हातानं बटण दाबलं. फोडणी जळत होती, ती सावरली. पळी खाली ठेवली. आणि मग मला आठवलं, की आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली.

हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. दिवसभर उन्हात साखळ्या टाकून यायचे आणि घराची किल्ली न चुकता कचेरीत विसरायचे. दार वाजलं की मी आतून विचारायची, "कोण?" हे आधी खाकरायचे, जणू आता भाषण करायचंय, आणि मग म्हणायचे, "मी." थोडं वैतागून, थोडं लांबवून, म्हणजे उशीर यांना झालेला आणि ताटकळलेही हेच. मी मुद्दाम विचारायची, "मी कोण?" त्यावर "अगं, मी!" याच्यापलीकडे उत्तर मला उभ्या संसारात मिळालं नाही. आमच्याकडे यांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज कुठंच नाही. तो कुणी धरून ठेवला नाही. कुणाला सुचलंच नाही.

मी दार उघडून उभी राहिले. खाली फाटक लागल्याचा खटका ऐकू आला, म्हणजे कुणीतरी आत आलं होतं. जिन्यात पाऊल वाजलं नाही. लिफ्ट जागची हलली नाही. जिन्यातली हवा मात्र, दार उघडलेल्या फ्रीजपुढे उभं राहावं तशी, घोट्यांना गार लागली. मी बराच वेळ उभी राहिले. समोरच्या घरातली सून कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली तेव्हा, "वारा खातेय," असं सांगून मी आत गेले. जिन्यात वारा नसतो, हे तिलाही ठाऊक होतं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती लांब राहते. लांबून तिला माझं सगळंच भास वाटतं, गुडघेदुखीसुद्धा. म्हणाली, "आई, भास आहे तो. झोपत जा दुपारची." मी झोपले नाही. उलट दुसऱ्या दिवशी चहाचं आधण थोडं जास्त ठेवलं. उरलाच चहा, तर प्यायला मी समर्थ आहे.

डबी वाजली. खाकरणं. "मी." मी बटण दाबलं. कुणी आलं नाही. चहा मी प्यायले.

असं रोज होऊ लागलं, आणि मला भीती वाटायच्या ऐवजी, खरं सांगायचं तर, दुपारची वाट पाहायची सवय लागली. पण मधेच इमारतीत एक पाणी गाळायची यंत्रं विकणारा येऊन गेला. त्यानं प्रत्येक घराचा आकडा दाबून नुसतं "मी" म्हटलं. वकिलांना वाटलं अशील आला, मला वाटलं इस्त्रीवाला, तळमजल्यावरच्या शिवणवालीला वाटलं मेव्हणा. सगळ्यांनी बटण दाबलं. तो सगळे मजले फिरला आणि सेक्रेटरींच्या नळाला त्यानं नमुना म्हणून काय जोडलं कोण जाणे, त्या नळाचं पाणी कायमचं रुसलं.

सेक्रेटरी लाल होऊन आले. "बाई, प्रश्न बदला! 'मी' म्हणून कुणीही आत शिरतोय."

इथं वकील पुढे सरसावले. त्यांना इंग्रजीतल्या हूम या शब्दाचं भारी वेड. "कोण आलंय ते कशाला विचारता? कुणाला भेटायचंय ते विचारा. हूम डू यू वॉन्ट! कोर्टाला शोभेल असा प्रश्न आहे." मी म्हटलं, हूम हल्ली कुणी बोलत नाही. वकील म्हणाले, "म्हणूनच आपण बोललं पाहिजे." मी ते यंत्रात बोलले. त्यावर इस्त्रीवाल्यानं काही कळलं नाही म्हणून पुन्हा "मी" म्हटलं, आणि वकिलांच्या अशिलानं "तुम्हालाच" असं उत्तर दिलं.

पण त्या दुपारी माझी डबी वाजली तेव्हा मी कान देऊन उभी होते. माझा आवाज म्हणाला, "हूम डू यू वॉन्ट?" खाकरणं आलं. मग काही नाही. पुन्हा एकदा खाकरणं, जरा गोंधळलेलं. मग तार तुटल्यासारखी शांतता. बटण दाबायला माझा हात वर गेला होता तो तसाच राहिला, कारण आपण कुणाला उघडतोय ते कुणी सांगितलंच नव्हतं.

हूम लवकरच गेला. मग सेक्रेटरींनी हुकूम काढला, की आलेल्याचा धंदा विचारा, खोटा असेल तर चाचरेल. मी परोपरीनं सांगितलं, माणसाला व्हॉट लावू नये, व्हॉट वस्तूला लावतात. पण सभेत बहुमत नावाची एक गोष्ट असते, आणि तिला व्याकरण नसतं. माझ्या तोंडून "व्हॉट आर यू?" वदवून घेण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी वकिलांच्या मुलीला बघायला होणारे व्याही आले. फाटकावर त्यांना माझा आवाज म्हणाला, "व्हॉट आर यू?" बिचारे म्हणाले, "रिटायर्ड इंजिनिअर." वकील नेमके न्हाणीघरात होते, बटण कुणी दाबेना. व्याह्यांनी आकडा पुन्हा दाबला. यंत्रानं पुन्हा विचारलं, व्हॉट आर यू. त्यांना वाटलं, इंजिनिअर असणं कमी पडतंय. मग त्यांनी पदव्या सांगितल्या, मग बढत्या, मग दोन मुलांच्या नोकऱ्या, आणि शेवटी आवाज चढवून, "आम्ही माणसं आहोत, समजलं?" म्हणून ते फाटकावरूनच परत फिरले. वकील टॉवेल गुंडाळून खाली धावले तेव्हा वळणावर फक्त धूळ होती.

वकिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जणू प्रश्न मी घरी वाटून आणला होता.

त्या व्हॉटच्या दिवसांतही माझी डबी दुपारी वाजायची. व्हॉट आर यू, असं माझाच आवाज यांना विचारायचा. त्यावर खाकरणंसुद्धा यायचं नाही. नुसता श्वास. मला इतकी शरम वाटली, की मी स्वतः वायरमनला बोलावून, कुणाला न विचारता, जुना हू परत बसवून घेतला. त्या दुपारी "मी" आलं. जरा रागावलेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण फोडणी चालू होती, तेव्हा ते कशानं आलं ते सांगता येत नाही.

पुढच्या गोष्टीत माझी अब्रू गेली, म्हणून ती गाळणार होते. पण गाळली तर उरलेलं कळायचं नाही. आमच्या लिफ्टमध्ये भार जास्त झाला की घंटी वाजते आणि दार लागत नाही. एक दिवस मी आणि शिवणवाली, अशा दोघीच लिफ्टमध्ये शिरलो. घंटी वाजली.

शिवणवालीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिची नजर मापं घेणारी. म्हणाली, "बाई, तुम्ही जरा उतरता का? मी वर जाऊन लिफ्ट खाली पाठवते."

"मी? अगं, ब्लाउज उसवून घ्यायला आले होते तुझ्याकडे, तेव्हा तूच म्हणालीस बाई वाळलात म्हणून!"

"ते मी सगळ्यांनाच म्हणते."

मी मान ताठ ठेवून उतरले. घंटी वाजतच होती. मग ती उतरली. रिकाम्या लिफ्टमध्ये दिवा लागलेला, आरसा लखलखीत, आणि घंटी वाजतेय. आत कुणी नाही. जागा नाही म्हणून वाजतेय.

आम्ही दोघी जिन्यानं निघालो. माझ्या वजनावरचा डाग धुतला गेला याचा आनंद मला पहिल्या मजल्यापर्यंत पुरला. तिथून पुढे मी मागे वळून पाहत चढले.

"बाई," शिवणवाली कठड्याला धरून म्हणाली, "तुमच्याकडे दुपारी कुणी येतं?"

"तुझ्याकडे?"

"आई येते." तिनं गळ्यातली माप घ्यायची पट्टी बोटाला गुंडाळली. "मी लहान असताना गेली ती. मला तिचा चेहरा आठवत नाही, पण खालून 'मी' म्हणते ना, की लगेच कळतं. तिला इंग्रजी कुठलं यायला! पण तुमचा प्रश्न कळतो तिला."

"घरात येते?"

"नाही. मी उघडते, दारात थांबते. तुमच्याकडचं?"

"नाही येत."

तिनं खाली जिन्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "मग आत आलेली माणसं जातात कुठं, बाई?"

त्यानंतर मी इमारतीकडे जरा नीट पाहू लागले. गच्चीवरची टाकी लवकर संपायची. जिन्यातून जाताना सगळे एका बाजूनं, कुणाला वाट द्यावी तसे, अंग चोरून चढायचे. समोरची सून एकदा रिकाम्या वळणावर "जरा सरकता?" म्हणाली आणि मग स्वतःच लाजली. दुपारी सगळ्या घरांतून डब्या वाजायच्या, एकामागून एक, आणि प्रत्येक डबीतून माझा आवाज विचारायचा. स्वतःचा आवाज दहा भिंतींतून ऐकण्यासारखं दुसरं भय नाही. आपण इतकं कुणाला हाका मारतोय, असं वाटतं.

सेक्रेटरींनी पुन्हा सभा बोलावली. सभा नेहमी खाली, गाड्या लावतात तिथं होते. खुर्च्या नेहमीच्याच, माणसं नेहमीपेक्षा कमी, आणि तरी वकील उभे होते. जो तो एखादी खुर्ची सोडून बसला होता. का, ते कुणी विचारलं नाही.

"विषय एकच," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, दाढी अर्धीच केलेली होती. "हू काढायचा. आजच."

आणि मग मी आयुष्यात ऐकली नाही अशी चर्चा सुरू झाली. ज्या वकिलांनी हूमसाठी रक्त सांडायची तयारी दाखवली होती, ते म्हणाले, "हूमध्ये वाईट काय आहे? सुटसुटीत शब्द आहे. भाषा बदलत असते हो!" समोरची सून म्हणाली, हू उच्चाराला सोपा आहे, तिच्या सासूबाईंना आवडतो. तिच्या सासूबाई जिवंत नाहीत. कुणी हटकलं नाही. ज्यांना हू आणि हूज यातला फरक ठाऊक नव्हता, ती माणसं हू या शब्दाचं सौंदर्य सांगत होती, आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती. जन्मभर मी ज्या शब्दासाठी छडी आपटली, त्याच्यावर इतकं प्रेम एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो पण माणूस नुसतं 'मी' म्हणतो आणि तुम्ही फाटक उघडता!" सेक्रेटरी ओरडले. "उद्या कुणीही येईल!"

"कुणीही नाही येत हो," शिवणवाली खाली मान घालून म्हणाली. "आपलेच येतात."

सभेत एकदम इतकं शांत झालं, की कुठल्यातरी रिकाम्या खुर्चीचा पाय फरशीवर सरकल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

"रविवारी नवीन प्रश्न बसेल," सेक्रेटरी घाईनं म्हणाले. "'मी' हे ज्याचं उत्तर होऊ शकत नाही, असा प्रश्न. शब्द बाईंनी निवडायचा. ज्याला नाव सांगता येईल तोच आत." आणि सभा न संपवताच ते जिन्याकडे धावत गेले.

नाव सांगता येईल तो आत. हे दारात उभं राहून मला स्वतःचं नाव सांगणार! आधीच्या जन्मी नाही सांगितलं. म्हणजे रविवारनंतर यांचा आवाज गेला, दुसऱ्यांदा, आणि तो मी माझ्या तोंडानं घालवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी माझ्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, रागावू नका. माझ्याकडेही येतो."

"कोण?"

"मी."

"अहो, पण कोण?"

"तेच सांगतोय. मीच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझाच आवाज आहे, बाई. मी घरात पेपर घेऊन बसलेला असतो आणि खालून मी म्हणतो, मी."

मी माझी खुर्ची जवळ ओढली. "बटण दाबलंत?"

"एकदाच. पहिल्यांदा. विचार न करता हात गेला. आपलाच आवाज, संशय कसला घ्यायचा?" ते दाराकडे बघून हळू बोलू लागले. "तेव्हापासून मी पेपर उघडायच्या आधी पेपराची घडी मोडलेली असते. खुर्ची कोमट असते. शब्दकोडं भरलेलं असतं."

"पूर्ण?"

"अर्धं. माझ्याच अक्षरात. चुकाही माझ्याच." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "नंतर मी बटण दाबलेलं नाही, पण त्याला रोज विचारलं जातं आणि तो रोज उत्तर देतो. बाई, आणखी एक आत आला तर मी कुठं बसू? असा प्रश्न काढा, की त्याला उत्तर देता येणार नाही."

त्यांना मी चहा दिला. कपाला हात लावताना आधी तो कुणी उष्टा केलेला नाही ना, हे त्यांनी पाहिलं.

ते गेल्यावर मी बसून एकेक शब्द हाताळला, घरातली भांडी एकेक करून घासायला काढावी तसा. हूज. तू कुणाचा? या प्रश्नानं सेक्रेटरींचा पाहुणा नक्की थांबला असता, पण सेक्रेटरींना स्वतःलाही त्याचं उत्तर देता आलं नसतं, आणि ते ऐकत उभे राहिले असते. व्हिच. कोणते तुम्ही? हा मी यांना विचारून पाहिला, मनातल्या मनात. लग्नानंतर सायकलवर डबल सीट घेऊन जाणारे, की शेवटी दवाखान्यात माझ्याकडे पाहून परक्यासारखं हसणारे? आणि मला कळलं, की त्याचं उत्तर ऐकायची मला भीती वाटते. हू सगळ्यांत दयाळू शब्द. जो येईल त्याला तो तसाच्या तसा घेतो. पण दयाळू शब्द खालच्या मजल्यावरच्या माणसाची खुर्ची कोमट करत असेल, तर शिक्षिका म्हणून मला गप्प बसता येत नव्हतं. शेवटी मी ठरवलं, व्हॉट इज युवर नेम. पाचवीतलं पोरही सांगेल असा प्रश्न. यांना तेवढं सांगता आलं तर आले, नाही तर नाही.

शनिवारी दुपारी डबी वाजली. मी बटणावर हात ठेवून शेवटचं ऐकलं. "मी." हे रोजच्यासारखेच वैतागलेले. रविवारचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी घराला कुलूप लावून, किल्ली मुठीत घेऊन मी फाटकावर गेले. सेक्रेटरी आले नाहीत. दार लावून घरात बसले होते. वायरमन यंत्राची पेटी उघडून हजर होता.

"बाई, आधी जुनं नीट वाजतंय का बघू. मग पुसतो. तुमचाच आकडा दाबा. घरी कुणी नाही ना? उगीच दुसऱ्याची झोप मोडायला नको."

मी आकडा दाबला. पेटीतून माझा आवाज आला, मायेचा आणि हजेरीचा मधला. "हू इज इट?"

वर्गात मी पोरांना शिकवत आले, की उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं. आणि फाटकापुढे उभी राहून, उन्हात, किल्ली मुठीत धरून, मी म्हणाले, "मी."

पेटीतून वरच्या माझ्या घरातली शांतता ऐकू येत नव्हती, कारण हे यंत्र एकाच बाजूनं बोलतं. पण मला ती ऐकू आली. भिंतीवरचं घड्याळ, झाकलेली आमटी, खुर्चीवरून उठताना कुरकुरणारा सांधा. इतकी वर्षं मी आत असायची आणि विचारायची. बाहेर उभं राहून आपण ओळखले जाऊ की नाही याची वाट बघणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मनात आलं, आता आतून विचारतील, मी कोण? तर मी काय सांगू?

कुणी काही विचारलं नाही. खट्ट आवाज झाला आणि फाटक उघडलं.

वायरमननं पेटीत डोकं घातलं. एक तार ओढली, एक दाबली. "शॉर्ट पण नाही... बाई, नवीन प्रश्न बोलताय ना?"

"नको. हाच राहू दे," मी म्हणाले. "फक्त सेक्रेटरींच्या डबीची तार कापून टाक. आणि त्यांच्या घराचा आकडाही काढ. त्यांना सांग, बाईंनी सांगितलंय, तुमच्याकडे आलेल्यानं दार वाजवावं आणि तुम्ही साखळी लावून तोंड बघावं."

"पण बाई," तो फाटकाकडे आणि माझ्या मुठीतल्या किल्लीकडे आळीपाळीनं बघत होता, "हे वरून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. तुमच्या घरी कोण आहे?"

मी पदर सावरला.

"हे आहेत," मी म्हणाले, आणि फाटक लोटून आत गेले.